केसभर फट

डोईवरची घागर उतरवायचीही उसंत गोदूला मिळाली नाही. उंबऱ्याशी आली आणि बघते तर नवरा पुन्हा त्या दारावर ओणवा. काल संध्याकाळी "झाला बघ काम" म्हणून हत्यारं गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. सकाळी ती विहिरीवर गेली तेवढ्यात गोणपाट सोडलं आणि बोथट पटाशीनं फटीत कापसाची वात ठासणं चालू केलं. ठक ठक ठक.

"परत?" गोदू म्हणाली.

हिरामणनं मान वर केली नाही. "थोडीशी उघडली. ऊन लागला ना."

"वैशाख हाय. ऊन लागनारच. आज ही भरा, उद्या तिच्या शेजारची उघडंल. परवा तिसरी. शिमग्यापासून ह्योच चाललाय."

"भरून टाकतो न एकदा."

एकदा! घागर ओट्यावर आदळावी, फुटली तर फुटू द्यावी, इतका गोदूला राग आला होता. पण गोडं पाणी लांबून आणलेलं, ते सांडून कसं चालेल? राग गिळून तिनं घागर नीट घडवंचीवर ठेवली आणि चूल फुंकायला बसली. ठक ठक मात्र थांबली नाही. त्या आवाजानं तिचं डोकं रोज सकाळपासून उठायचं.

हे दार घराचं नव्हतं. गावाच्या उघाडीचं होतं. मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. धरमतरच्या खाडीकाठी या आगऱ्यांच्या गावाचं सगळं भात बांधाच्या आत पिकायचं. बांधाबाहेर खारं पाणी, आत गोडी जमीन. बांधाच्या पोटातून पाण्याला एक वाट ठेवलेली, तिला उघाडी म्हणायचं, आणि तिच्या बाहेरच्या तोंडाला वरून टांगलेलं एक जाड दार. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून रेटा देई आणि दार चौकटीत बसे. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्याला ढकलून उघडी आणि खाडीत निघून जाई. माणसानं हात लावायला नको. भरतीला दार गळलं तर मीठ जमिनीत उतरणार आणि तीन-तीन वर्षं गवत उगवणार नाही. ओहोटीला उघडलं नाही तर आतलं भात पाण्यात कुजणार. एवढ्या एका दारावर गावाचं पोट चालायचं, आणि ते दार नवं करायची पाळी गावकीनं घराघरावर लावून दिलेली. या वर्षी पाळी हिरामणवर आली.

जातीनं तो सुतार नव्हता, पण हात लाकडाचा होता. बापाचाही तसाच. गावकीनं रेवदंड्याहून मोडीत निघालेल्या पडावाच्या, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीच्या, सागवानी फळ्या आणून दिल्या. हिरामणनं त्या तासल्या, रंधल्या, मागून आडव्या पट्ट्या मारून दार उभं केलं. काम असं झालं की बघणारा उभा राहावा. पण पडावाचं लाकूड वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं, त्यात हा उन्हाळा. फळी आणि फळी यांच्यामध्ये फटी राहिल्या. कुठे नखाएवढी, कुठे केसाएवढी. तिथून या माणसाचं खूळ सुरू झालं. कापसाच्या वाती वळायच्या, करंजेलात राळ उकळून त्यात बुडवायच्या, ठासायच्या, वरून रंधा फिरवायचा. वाती वळायचं काम अर्थात गोदूचं. मांडीवर वळून वळून तिच्या मांडीची कातडी लाल झाली होती आणि हातांचा राळेचा वास जेवतानाही जात नव्हता.

चुलीपाशी ठमी म्हातारी, तिची सासू, सुकट निवडत बसली होती. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण ठक ठक ऐकून सगळं कळायचं.

"भरतोच हाय का?" तिनं विचारलं.

"भरतोच हाय."

"त्याचा बापूस उन्हाल्यात केसभर फट ठेवायचा. प्रत्येक फलीला." म्हातारी सुकटीतला खडा बाजूला टाकत म्हणाली. "लाकूड पानी पितो. पिऊन फुगतो. फुगला का त्याला जागा लागते. ती जागा ह्यो ठासून टाकतो. मंग दार फुगून जाईल कुठं? चौकटीत घट्ट बसंल, उघडायचा न्हाय."

"मग सांगा की तुमच्या लेकाला!"

"सांगला. व्हय म्हनाला."

हाच तर वैताग! या माणसाला काहीही सांगा, तो व्हय म्हणायचा. आई म्हणाली फट ठेव, व्हय. काळूराम रस्त्यानं जाता जाता म्हणाला फट भर, व्हय. आणि शेवटी जो मोठ्यानं बोलेल त्याचं करायचा.

काळूराम शेजारचाच. त्याच्या शेताचं आणि उघाडीचं अंतर एवढं की दार गळो नाहीतर फुटो, त्याच्या भाताला काही होणार नव्हतं. म्हणूनच की काय, त्याला सल्ला द्यायला भरपूर वेळ होता. न्याहारी होते न होते तोच तो आला, दाराभोवती फिरला, आणि कानावरची बिडी काढून तिचं शेपूट एका फटीत खुपसून दाखवलं.

"हिरामण, बिडी जाते रं!"

"व्हय, ती ऱ्हायलीय. भरतो."

"बिडी जाते म्हनजे पानी जानार."

"काळूभावजी," गोदू ओट्यावरून म्हणाली, "तुमची बिडी भायेर काढा. दारानं ओढली तर तुमास्नी प्यायला उरायची न्हाय."

काळूराम हसत निघून गेला. त्याच्या बिडीनं केलेलं भोक हिरामणनं लगेच भरलं.

मग उजेड बघायचा दिवस आला. गावातली ही जुनी रीत. उघाडीचं नवं दार बांधावर न्यायच्या आधी, ज्यानं केलं त्याच्याच घराच्या उंबऱ्यावर उभं करायचं. मागलं दार लावायचं, खिडकीवर घोंगडी टाकायची, आणि पंचांनी आत अंधारात बसून बघायचं. बाहेरचं ऊन जिथून आत शिरेल तिथे चुन्याचं बोट. चुना लागला की काम परत.

धर्माजी गावकीचा म्होरक्या. धिप्पाड म्हातारा, पण अंगावर मांस उरलेलं नाही, नुसती हाडं आणि आवाज. तो आणखी दोघांना घेऊन आला आणि आत जाऊन बसला. दाराला बिजागऱ्या लावलेल्या नव्हत्या, म्हणून बाहेरून कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं. हिरामण पंचांबरोबर आत. धरणार कोण? गोदू. भर दुपारी पाठीवर ऊन घेत ती खांद्यानं ते जड दार रेटून उभी राहिली. अंगणातली माती तळपाय भाजत होती. आत ठमीनं पंचांना गुळपाणी दिलं ते तिला ऐकू आलं. तिला कोणी विचारलं नाही.

"ह्यो बघ हितं," आतून धर्माजीचा आवाज. "आनि हितं. आनि ह्यो खालती केवढा! हिरामण, सुई हाय का दोरा हाय ह्यो?"

"बारीक हाय, दादा."

"उजेडाला वाट मिलते तिथं खाऱ्या पान्याला मिलनार न्हाय? तुज्या बापाच्या दारातनं पानी आला व्हता. माज्या खालच्या शेतात तीन वर्सं मीठ उभा ऱ्हायला. पोरांना मी नाचनी घालून जगवलाय. तू लहान व्हतास, तुना ठाव नसंल."

हिरामणला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वर्षी खेकड्यांनी बांध पोखरून पाणी आत घेतलं असं काही जण म्हणत, पण दोष गेला तो दाराच्या माथी, आणि बाप तो दोष घेऊन मेला. गोदूला हे सगळं माहीत होतं. तरी तिच्यानं राहवलं नाही. दाराला तोंड लावून ती बाहेरून ओरडली, "आवं, मामंजी उन्हाल्यात केसभर फट ठेवायचे ते सांगा ना दादांना! लाकूड पान्यात फुगतो ते सांगा!"

आत गुळपाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"भायेरनं कोन बोलतंय?" धर्माजीनं विचारलं.

आणि तिचा नवरा म्हणाला, "कोनी न्हाय."

गोदूच्या हातातलं दार सुटायचंच बाकी राहिलं. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि ती कोणीच नव्हती. चुन्याची बोटं पडत राहिली. पंच उठले, मागल्या दारानं गेले, जाताना धर्माजी म्हणाला, "एक सुई दिसता नये. मंग नारल फोडू." हिरामण म्हणाला, "व्हय."

संध्याकाळी त्याच्यापुढे भाकरी ठेवली ती तिनं लांबूनच सरकवली.

"मी कोनी न्हाय का?"

"तसा न्हाय गो."

"मंग कसा? दार धराया मी, वाती वलाया मी. आनि तोंड उघडला का कोनी न्हाय! तुमाला म्हाईत हाय का न्हाय, फट लागते म्हनून?"

हिरामण भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत राहिला. "म्हाईत हाय."

"मंग?"

"मी फट ठेवली आनि पुन्यांदा पानी आला तर? लोक बोलतील बापूस तसा लेक. दादाच्या डोल्यासमोर मी कसा उभा राहू?"

"आनि दार अडकला तर? उघाडीच्या तोंडाशी पयला शेत कोनाचा हाय? पानी तुंबला तर पयला राब कोनाचा जाईल? धर्माजीचा? त्याचा राब टेकाडाला हाय! आपल्याला येवढाच एक तुकडा. तो गेला तर मीठ चाटून जगायचा?"

त्यानं ताटातलं उरलेलं कालवण पुसून घेतलं. भांडणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं, मारकुट्या नवऱ्याला शिव्या देता येतात. पण या व्हय म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? गोदूला रडू आलं नाही, नुसता संताप आला, आणि तो काढायला काही नव्हतं म्हणून तिनं भांडी घासली. इतकी घासली की ठमी आतून म्हणाली, "भोक पाडशील."

पुढचे दिवस ठक ठक आणखी वाढली. घरातला कापूस संपला. गोदू एका दुपारी खळ्यावरून आली तर हिरामण मांडी घालून बसलेला आणि पुढ्यात तिची माहेरची उशी फाडलेली.

"ही काय केलीत?"

"वाईच कापूस पायजे व्हता."

"आवं, उशी हाय ती!"

"नंतर भरून देतो."

नंतर भरून देतो! याच्या भरण्यानं तिचा जीव नकोसा झाला होता. पण उशी फाटलीच होती. ती बसली आणि वाती वळायला लागली. दुसरं काय करणार? तिच्या आईनं स्वतः सरकी काढून भरलेला कापूस तिनं मांडीवर वळून राळेत बुडवला आणि त्यानं तो मोगरीनं ठोकून फटींत घातला. शेवटची वात आत गेली तेव्हा फळ्यांच्या मध्ये नखही शिरेना. वरून हात फिरवला तर एकच फळी आहे असं वाटावं. काम सुंदर झालं होतं, हे तिला कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्यांदा उजेड बघायला पंच आले. या वेळी दार काळूरामनं धरलं. आत मिट्ट काळोख. धर्माजी बराच वेळ डोळे ताणून बसला, मग अंधारात चाचपत त्यानं हिरामणची पाठ थोपटली.

"बापाचा डाग धुतलास," तो म्हणाला.

दार बाजूला झालं तेव्हा उजेडात हिरामणचे डोळे भरून आलेले दिसले. गोदूनं ते बघितलं आणि तिला त्याची कीव आली. एवढ्यासाठी, एवढ्या एका शब्दासाठी हा माणूस शिमग्यापासून मरत होता. दुसऱ्या दिवशी दार बांधावर नेलं, टांगलं, चौकटीत बसवलं, नारळ फोडला. चौकटीशी नख फिरायला जेमतेम जागा होती. ठमीनं ती चाचपून बघितली आणि घरी निघाली.

पाऊस वेळेवर आला. लावणीसाठी दाट पेरलेलं रोप, म्हणजे राब, उगवला. उघाडीच्या तोंडाशी असलेल्या तुकड्यात हिरवंगार रोप वीतभर झालं. सुरुवातीला दार ठीक चाललं. भरतीला धप्पकन बंद व्हायचं, ओहोटीला कुरकुरत उघडायचं. हिरामण रोज जाऊन ऐकून यायचा आणि घरी येऊन गोदूकडे बघायचा. ती बघायची नाही.

आषाढात झड लागली. दिवस-रात्र पाऊस, छपराखाली बसून कांबळी ओली. शेतात पाणी चढलं, पण पावसाचं पाणी चढणारच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. ओहोटी आली की उतरेल. ओहोटी आली, गेली. पाणी उतरलं नाही. लोक म्हणाले, पाऊस जोराचा आहे. आणखी एक ओहोटी गेली. गोदू गुडघाभर पाण्यातून राबाकडे गेली तर रोपाचे शेंडे दिसत नव्हते. हात घालून तिनं एक मूठ उपटली. मुळं बुळबुळीत, हाताला कुजका वास. ती तशीच बांधावर चढली आणि बाहेरच्या बाजूला बघितलं. खाडी पार खाली गेली होती, चिखल उघडा पडला होता, खेकडे फिरत होते. आणि आत पाणी बांधाच्या छातीला लागलेलं. मध्ये दार. बंद. कडेनं एक थेंब गळत नव्हता.

ती तिथूनच ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात ओरडली नव्हती. "दार अडकलाय! दार अडकलाय वो!"

गाव जमलं. इरली घेऊन माणसं बांधावर उभी राहिली. पाचसहा जणांनी बाहेरच्या चिखलात उतरून दाराला दोर बांधून ओढलं. दार हललं नाही. फुगून चौकटीत असं बसलं होतं की जणू तिथेच उगवलं. धर्माजीनं पाण्याकडे बघितलं, खाडीकडे बघितलं.

"कुऱ्हाड आना," तो म्हणाला. "फोडून टाका."

"फोडला तर भरती आल्यावर काय लावनार?" गोदू म्हणाली. "उधान हाय. खारा पानी टेकाडापतूर जाईल."

"मंग काय करू, सगल्यांचा भात कुजवू? हिरामण, दार येवढा मोठा का केलास रं? अंदाज नको का मानसाला?"

अंदाज! गोदूनं नवऱ्याकडे बघितलं. पावसात भिजून तो उभा, हात लोंबत. आता तरी बोलेल. आता तरी म्हणेल, दादा, तुम्हीच म्हणालात. तो म्हणाला, "चुकलाच जरा."

बस. गोदूनं लुगड्याचा कासोटा वर खोचला, त्याच्या कमरेची पटाशी उपसली आणि बाहेरच्या चिखलात उडी मारली. मांडीपर्यंत रुतली. तशीच रेटत दारापाशी गेली आणि फटीत पटाशी घालून कापूस उकरायला लागली. राळेनं दगड झालेली वात, निघता निघेना. बोटं सोलवटली. वरून कोणीतरी म्हणालं, "बाईला येड लागला."

"येड तुमच्या उजेडाला लागला व्हता!" ती खालून ओरडली. "कापूस काढा, फल्यांना जागा द्या, आपोआप सरकतील! का हितं पन पंच बसवायचे?"

तिच्या शेजारी चिखलात कोणीतरी पडल्याचा आवाज झाला. हिरामण. त्यानं तिच्या हातातून पटाशी घेतली, हिसकावली म्हटलं तरी चालेल. "तसा न्हाय. वरून खाली न्हाय, टोक पकडून ओढायचा," तो म्हणाला, आणि पहिल्याच झटक्यात हातभर वात ओढून काढली. मग दुसरी. त्याला प्रत्येक वात कुठे सुरू होते ते ठाऊक होतं, त्यानंच घातल्या होत्या. तो काढत गेला, ती फेकत गेली. तिच्या उशीचा कापूस राळेनं काळा होऊन चिखलात पडत होता. मागून पाण्याचा रेटा, फटींतून बारीक बारीक धारा त्यांच्या तोंडावर उडायला लागल्या. मग त्यानं कमरेला खोचलेल्या मोगरीनं दाराच्या कडेला घाव घातले. एक, पुन्हा एक. फळ्या एकमेकींकडे सरकताना चिरकल्या.

"बाजूला हो!" तो ओरडला आणि तिला ढकललं. दार कराकरा करत सुटलं, त्याच्या खांद्याला घासून वर गेलं आणि तुंबलेलं पाणी लोंढ्यानं बाहेर पडलं. दोघंही वाहत जाऊन चिखलात आडवी झाली. हिरामणच्या खांद्याचं सालटं निघालं होतं. बांधावरची माणसं ओरडत होती, हसत होती. धर्माजी म्हणाला, "मी म्हनतच व्हतो, कायतरी तोड निघंल."

संध्याकाळी भरती आली, उधाणाची. दार धप्पकन बसलं. फुगलेल्या फळ्यांच्या फटी आता पाण्यानंच मिटल्या होत्या. आत थेंब आला नाही. हिरामण दाराशी कान लावून काळोख पडेपर्यंत बसला होता.

पण राब गेला. पाणी उतरल्यावर उघाडीच्या तोंडाचा तुकडा चिखलानं पिवळा पडला होता, आणि त्यावर रोप केसांसारखं झोपलेलं. बाकीच्यांचं थोडंफार वाचलं. टेकाडावर धर्माजीचा राब तर गुडघाभर, लावून उरेल एवढा. रोप उरलं की गावात देतात, कोणी नाही म्हणत नाही. पण ज्याचं गेलं त्यानं स्वतः बांधावर जाऊन मागायचं असतं. न मागता कोणी देत नाही, तसं दिलं तर घेणाऱ्याचा अपमान समजतात. आणि लावणीचे दिवस भराभर चालले होते.

हिरामण ओट्यावर बसून खांद्याला हळद लावत होता. रोज बसायचा.

"जाता का?" गोदूनं विचारलं.

"जातो. पाऊस वाईच कमी झाला का."

"पाऊस कमी झाला का लावनी संपंल."

"तूच जा ना गो. तू नीट बोलतस."

गोदूच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं, नाहीतर फेकलंच असतं. "मी बोलू? त्या दिशी मी बोलले तवा मी कोनी न्हाय व्हते. आता मी कशी बोलू? दार तुमी केला, व्हय तुमी म्हनालात, चुकला पन तुमीच म्हनालात. काय चुकला तुमचा? सांगा मना, काय चुकला?"

तो खांद्यावरची हळद पुन्हा चोळायला लागला.

"न्हाय ना सांगता येत? मंग बसा. वर्सभर बसा. मी तुमच्या आयशीला घेऊन माहेरी जाते. तुमी हितं बसून फटी भरा."

आतून ठमी म्हणाली, "मी येते गो. मना कधी नेतस?"

हिरामणनं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग हळदीचा हात धोतराला पुसला आणि उठला. इरलं घ्यायचंही विसरला. गोदू मागून निघाली, थोडं अंतर ठेवून. तिला विश्वास नव्हता. वाटेत काळूराम भेटला तर हा त्याचंही काम करून देईल.

टेकाडावर धर्माजीच्या शेतात लावणी चालली होती. बायका वाकून ओळीनं रोप खोचत होत्या. धर्माजी बांधावर उभा राहून त्यांच्यावर ओरडत होता. हिरामण त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. पाऊस त्याच्या डोक्यावरून गळ्यात उतरत होता.

"दादा," तो म्हणाला.

धर्माजीनं वळून बघितलं. "काय रं?"

"रोप..." हिरामण पुटपुटला. पुढचं पावसात गेलं.

"आँ?"

"मोठ्यानं बोला!" गोदू मागून ओरडली. "ऐकू येत न्हाय त्यांना!"

हिरामणचे कान लाल झाले. त्यानं एकदा पायाखालच्या चिखलाकडे बघितलं, आणि मग त्याच्या छातीतून जो आवाज निघाला तो गोदूनं लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता.

"रोप पायजे, दादा! माजा राब गेला तो दारानं गेला, आनि दारात कापूस तुमी भराया लावला! फट पायजे ते मना म्हाईत व्हतं. तुमाला भिऊन बोललो न्हाय, ती माजी चूक. आनि बापाचा दार गलला नव्हता! बांधात खेकडे व्हते! ते पन मना म्हाईत व्हतं!"

रोप खोचणाऱ्या बायका कंबर धरून सरळ उभ्या राहिल्या. धर्माजीचं तोंड उघडं राहिलं. हिरामण धापा टाकत होता, जसा काही ते दार त्यानं एकट्यानं उचलून आणलं होतं. आता तो म्हणणार, चुकला दादा. तो म्हणाला नाही.

धर्माजीनं खाली बघितलं. मग धोतर गुडघ्यावर खोचलं आणि स्वतः राबात उतरला. वाकून त्यानं एक मूठ उपटली, मुळाचा चिखल पाण्यात झटकला, आणि वर न बघता विचारलं, "तुजा तुकडा केवढा?"

"तुमास्नी म्हाईत हाय केवढा," हिरामण म्हणाला.

म्हातारा रोप उपटत राहिला. मुठी बांधून बांधावर टाकत राहिला. हिरामण अजून तसाच उभा, हात लोंबत.

"आता बघत काय उभे राहिलात?" गोदू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पावसामुळे ते कोणाला दिसत नव्हतं, ते बरंच होतं. "उचला! रोप सुकून जाईल!"